भाऊजी बोलायला शिकले

साऱ्या मद्रास इलाख्यात माझ्या धाकट्या दिरांइतका माणसांना भिणारा माणूस दुसरा नसेल, आणि माणसांच्या मनात काय चाललंय ते जाणण्याचं शिक्षण घ्यायला निघाले ते नेमके हेच. लग्न होऊन मी कुंभकोणम्‌च्या त्या घरात आले तेव्हा पहिले तीन महिने ते माझ्याशी धड बोललेच नाहीत. राग वगैरे काही नव्हता. मी समोर आले की ते खांबाकडे तोंड करून उभे राहत आणि खांबालाच सांगितल्यासारखं म्हणत, "वहिनी, कापी झाली असली तर..." कॉफीचं ते वाक्य तिथेच संपे. आमच्याकडे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, त्यामुळे भाऊजी दोन्ही भाषांत सारख्याच सफाईनं घाबरत. पुस्तकात मात्र त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मद्रासच्या कॉलेजात मनाच्या शास्त्रात ते पहिले आले आणि तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात त्यांना उमेदवारीवर घेतलं. रोग्यासमोर बसायचं आणि त्याला बोलतं करायचं, एवढंच काम. महिन्याभरात तिथल्या गोऱ्या प्रोफेसरांनी त्यांना खोलीत बोलावून सांगितलं, "रोगी मला विचारतात, त्या नव्या बिचाऱ्याला काय झालंय? तुम्ही सहा महिने घरी जा. आधी शहाण्या माणसांशी बोलायला शिका, वीस जणांशी झालेलं बोलणं लिहून आणा. नाही जमलं तर ही जागा दुसऱ्याची."

भाऊजी परत आले ते तीन नियम घेऊन. माणसाच्या तोंडाकडे बघावं, एका वेळी एकच प्रश्न विचारावा, आणि विचारून झाल्यावर मनात दहापर्यंत मोजत गप्प राहावं. प्रश्न ते चिठ्ठ्यांवर लिहून कोटाच्या बाहीत ठेवत. घरातून निघताना दोन-चार चिठ्ठ्या तिण्णैवरच, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, सांडत आणि सासूबाई त्या चुलीसाठी गोळा करत. विड्याच्या पानांच्या बाजारात काही विकत घेतल्याशिवाय तोंड उघडायची त्यांना लाज वाटे, म्हणून रोज पानांची जुडी यायची. आमच्याकडे पान खाणारे एकटे मामंजी. शेवटी मी शेजारच्या गाईला पानं घालू लागले. एकदा पोस्टमास्तर सहज म्हणाले, ऊन फार आहे. भाऊजींनी त्यांच्या तोंडाकडे डोळे लावले आणि दहा आकडे मोजले. सातव्या आकड्याला पोस्टमास्तरांनी त्यांच्या तोंडावर पाणी मारलं, त्यांना वाटलं फीट आली. न्हाव्याला तर त्यांनी वस्तरा गळ्यावर असताना विचारलं, तुमचं लहानपण कसं गेलं? न्हाव्याला त्याची मेलेली आई आठवली. तो वस्तरा हातात धरूनच रडू लागला आणि भाऊजी अर्धी दाढी घेऊन घरी आले. पांढरेफटक पडले होते. पण मला म्हणाले, "वहिनी, तो बोलला."

आम्ही हसत होतो, पण त्यांना झोप नव्हती. चार महिने सरले होते. जेवताना घास हातात तसाच राही. आणि त्याच सुमारास त्यांची थोरली बहीण पट्टीश्वरम्‌हून, सासरहून परत आली. भाऊजी तिला अक्का म्हणत, मी वन्सं. तिच्याबरोबर तिच्या सासूबाईंची चिठ्ठी होती. विचारलेल्याला उत्तर देत नाही, हाक मारली तर मान वळवत नाही, वळण लावून पाठवा, नाहीतर पाठवू नका. मामंजींचा राग साऱ्या अग्रहाराला, म्हणजे आमच्या ब्राह्मण आळीला, ठाऊक. त्यांनी वन्संना समोर बसवून विचारलं, माझ्या सासूबाईंनी विचारलं, मी विचारलं. वन्सं खाली बघून रडत, नाहीतर भलतंच काही बोलून उठून जात. मामंजींनी ठरवलं, येत्या गुरुवारी स्वतः घेऊन जायचं आणि तिला सासूच्या पायावर घालायचं. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडू देणारं कोणी नव्हतं.

भाऊजींनी चिठ्ठ्या लिहिल्या. सोमवारी ते मागच्या पडवीत वन्संजवळ बसले आणि जमिनीकडे बघत विचारलं, "अक्का, तिथं काय झालं?" दहा मोजले. काही नाही. पुन्हा विचारलं. वन्सं आपल्या तांदूळ निवडत राहिल्या. भाऊजी स्वयंपाकघरात येऊन भिंतीला टेकले. "माझी सख्खी बहीण माझ्याशी बोलत नाहीं, वहिनी. मी मद्रासेला कशाला जाऊं?" मी म्हटलं, "तुम्ही तिच्याकडे बघत तरी होतात कां?" ते म्हणाले, "रडणाऱ्या माणसाकडे बघायचं धैर्य होत नाहीं." मी म्हटलं, "मग तुमचा पहिला नियम कुठे गेला?"

मंगळवारी ते वन्संच्या अगदी समोर बसले. मी दाराआड होते. त्यांनी मान वर केली. कपाळावर घाम दिसत होता. बाहीत चिठ्ठी सापडेना, म्हणून जे मनात होतं तेच म्हणाले, "अक्का, मला भीती वाटते. तुलाही वाटते कां?" वन्संनी लगेच मान हलवली. "वाटते," त्या म्हणाल्या. भाऊजी दचकले, खाली बघून पुढचं काहीतरी पुटपुटले. वन्सं गप्प. वर बघून तेच पुन्हा विचारलं, तर उत्तर. असं दोन-तीनदा झालं. मग ते उठून तिच्या पाठीमागे गेले आणि हलकेच म्हणाले, "अक्का." वन्सं हलल्या नाहीत. "अक्का," जरा मोठ्यानं. तांदळातला खडा काढून त्यांनी बाजूला ठेवला.

भाऊजी परत समोर येऊन बसले. मग ओठ नीट उघडून विचारलं, "कधीपासून?"

"मागच्या तापापासून," वन्सं म्हणाल्या. "समोर बसून सावकाश बोललं की कळतं. बाकी नाहीं. कोणाला सांगू नको रे. बहिरी म्हटलं की कायमची माहेरी पाठवतील."

सांगावं लागणारच होतं, आणि तेही मामंजींना. ज्या वडिलांपुढे भाऊजी जन्मात एक सबंध वाक्य बोलले नव्हते, त्यांच्यापुढे ते अर्धी घटका उभे होते. मला फक्त शेवट ऐकू आला. "गुरुवारी तुम्ही नको. मी जातों." मामंजींनी तोंडातलं पान थुंकून टाकलं आणि दिवसभर दुसरं लावलं नाही.

गुरुवारी भाऊजी एकटेच बैलगाडीनं पट्टीश्वरम्‌ला गेले. जाताना "जाऊन येतों" इतकंच म्हणाले. तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. वन्सं दर थोड्या वेळानं दाराशी जात, गाडीचा आवाज त्यांना येणार नव्हता म्हणून. तिन्हीसांजेला भाऊजी आले ते थेट पाण्याच्या घागरीकडे. मी विचारलं, "काय बोललात?" ते म्हणाले, "काहीच नाहीं. अक्काला ऐकू येत नाहीं, एवढं सांगितलं आणि पुढचं सगळं विसरलों. म्हणून गप्प बसलों. त्या म्हाताऱ्या बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, मी तिला नेहमी पाठीमागनंच हाक मारते, चुलीपाशी ती पाठमोरीच असते. मग रडल्या. मेहुणेही होते. त्यांनी विचारलं, सावकाश म्हणजे किती सावकाश बोलायचं? मी बोलून दाखवलं."

सगळं त्या दिवशीच नीट झालं असं नाही. वन्सं दोन महिन्यांनी सासरी गेल्या. त्यांच्या सासूबाईंची जीभ पुढेही तिखटच होती, फक्त ती समोरून चाले. भाऊजी मद्रासला परतले. वीस माणसांशी झालेली संभाषणं लिहून न्यायची होती, त्यांनी दोनच नेली, न्हाव्याचं आणि बहिणीचं. प्रोफेसरांनी ती वाचून त्यांना ठेवून घेतलं. पुढे इस्पितळात त्यांचं नाव झालं म्हणतात. घाबरणं काही गेलं नाही. नवा रोगी यायचा असला की सकाळपासून चिठ्ठ्या लिहीत बसतों, असं ते स्वतःच सांगत.

वन्संचे कान पुढे पुरतेच गेले. दोघं कुंभकोणम्‌ला आली की तिण्णैवर समोरासमोर बसत. भाऊजी आवाज न काढता नुसते ओठ हलवत आणि वन्सं खळखळून हसत. जाणारे-येणारे थबकून बघत. त्यांचं काय चाललंय ते मला कधी कळलं नाही, विचारावंसंही वाटलं नाही.

वन्सं वारल्या त्या वर्षी भाऊजी आले, तिण्णैवर बसले. मी कापी घेऊन त्यांच्या समोर बसले. ते माझ्या तोंडाकडे बघत बोलू लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी कापी त्यांच्या पुढ्यात ठेवली. मग म्हटलं, "भाऊजी, मला ऐकू येतं हो."

"होय की, वहिनी," ते म्हणाले, आणि आवाज काढून पहिल्यापासून सांगू लागले.