हलूनको बाई

पहाटेपासून धुकं इतकं दाटलं होतं की दवाखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी माणसं आवाजावरून ओळखत होता. बाईंनी एमआरआयच्या खोलीचं जड दार उघडलं, चाचणीचा पाणी भरलेला गोळा यंत्रात ठेवून रोजच्यासारखा एक फोटो काढला आणि यंत्राचं डोकं ठिकाणावर आहे ना, बघून घेतलं. किल्ल्या, घड्याळ, केसांतले आकडे, सगळं आत जाण्याआधीच बाहेरच्या टोपलीत; यंत्र लोखंड ओढून घेतं. दिवसभर माइकवरून ‘हलू नको’ म्हणून म्हणून दवाखान्यात त्यांचं नावच हलूनको बाई पडलं होतं. नवरा म्हणायचा, “झोपेतसुद्धा कूस बदलू देत नाही ही.”

पहिलीच आली ती भालाफेक करणारी मुलगी. उजवा खांदा. सोबत तिचे सर.

“काही नाही हो मावशी, वाकडी झोपले एवढंच,” ती आडवी होता होता म्हणाली. “सरांना उगाच घोर.”

बाईंनी खांद्यावर प्लास्टिकचं कवच बसवलं, कानांत बोळे घातले आणि तिला आत सरकवलं. पहिले फोटो पुसट आले. दुसरे त्याहून पुसट. यंत्र गप्प असलं की पोरगी दगडासारखी पडून राही, ठकठक सुरू झाली की खांदा हळूच उचले. घाबरलेलं माणूस असं मोजूनमापून हलत नाही.

बाई आत गेल्या, पलंग बाहेर ओढला. “काय गं, ठेका धरतेस की काय?”

पोरगी हसली नाही. “फोटो बिघडले तर परत कधी बोलावता?”

“गर्दी आहे. पंधरवडा जाईल.”

“निवड रविवारी आहे,” ती छताकडे बघत म्हणाली. “फोटोच नसला तर सर मला बाहेर बसवतील कशावरून?”

बाईंच्या जिभेवर आलेला ओरडा त्यांनी गिळला. पलंगाच्या कडेवर टेकल्या. “मी चहाडी करणार नाही. पण खरं सांग, दुखतं किती?”

तिने खांद्याकडे नजर वळवली. मग म्हणाली, “केस आई विंचरून देते.”

“मग आता पडून राहा. शेवटी हात डोक्यामागे घ्यायचाय, फेकताना घेतेस तसा. डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलंय. कळ येईल, तेवढी सोस.”

या खेपेला माइकला हात लावावा लागला नाही. काचेतून मुलीच्या पायांची आवळलेली बोटं दिसत होती. खांदा मात्र तसूभर हलला नाही.

फोटो बघून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “सांध्याची कड फाटलीय, पण थोडीच. आत्ता थांबली तर व्यायामावर भागेल बहुतेक. रविवारी फेकलं, तर मग ऑपरेशनचंच बोलू.”

सरांनी मान हलवली. “नाही फेकणार. वेडाबाई, मला सांगायचं तरी.”

मुलगी स्वेटरमध्ये अडकून उभी होती. बाईंनी आधी दुखऱ्या हाताची बाही चढवली, मग दुसरी.

“आता किती दिवस हलायचं नाही, मावशी?”

“ते डॉक्टरांना विचार. माझा हुकूम या दारापुरताच.”

डोळे पुसता पुसता पोरगी हसली. ती गेल्यावर बाईंनी पलंगावरची चादर काढली, कवच पुसलं, नवी चादर अंथरली आणि कोपऱ्यातली सुरकुती ओढून सरळ केली.