मुक्ताआत्याचा उजवा खांदा

मुक्ताआत्या आधी हातानं बोलायची, मग तोंडानं. बेंबळीच्या शिवारात ज्वारी हुरड्यात आली की दिवसभर माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. "मेली पाखरं, माझ्याच जिवावर उठल्यात!" असा ओरडा चालू, पण धोंडा एकाही पाखराला लागू द्यायची नाही.

नवरा गेल्यावर ते शेत तिनं एकटीनं राखलं. त्यामुळं उजवा हात खांद्यातून उचलेना, तेव्हा ती पुरती घाबरली. मी तिची भाची, धाराशिवला फिजिओथेरपिस्ट. तपासून तिला म्हटलं, "आत्या, खांद्यावर हाडाचं छप्पर असतं. त्याखाली हात उचलणारी स्नायूची दोरी. दोन्ही एकमेकांवर घासू नयेत म्हणून मधे एक पातळ, बुळबुळीत पिशवी असते. ती सुजलीय. हात वर गेला की चेमटते."

"म्हंजी आडाच्या रहाटाला वंगण असतंय तसं?"

"तसंच."

"मग रहाट कुरकुरला म्हणून पाणी शेंदायचं सोडतंय का कुणी?"

थोडे दिवस गोफण बंद, आणि हात सैल सोडून हलकेच झुलवत राहायचा, एवढंच करायचं होतं. मान डोलावून ती गावी गेली आणि खांद्यावर बिब्ब्याचे चटके घेऊन बसली. आमच्याकडं दुखण्याला बिब्बा ठरलेलाच. फोड आले, चिघळले. मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं, पण सूज उतरवायच्या इंजेक्शनला त्यांनी साफ नकार दिला. तसल्या कातडीतून सुई घातली तर पू थेट त्या पिशवीत जायचा. आत्यानं हात जुन्या लुगड्याच्या पट्टीनं गळ्यात बांधून टाकला. "इसावा नको व्हय त्याला?" जखम भरेपर्यंत खांदा आखडून गेला तो गेलाच. मला तिचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

पुढच्या सुगीत ती कशीबशी माळ्यावर चढली आणि नुसती ओरडत राहिली. पाखरं कणसांवरून हलेनात.

"बघ, त्यास्नीबी कळलं," ती म्हणाली. त्यानंतर ती माळ्यावर गेली नाही. जेवणंही कमी झालं.

या पौषात ती झोपेतच गेली. बायकांनी अंघोळ घातली, नवं लुगडं नेसवलं. चोळीची उजवी बाही मात्र चढेना. शेजारच्या सखूबाईंनी दंड धरून जोर लावला.

"हळू! दुखतंय तिला," मी ओरडले.

सगळ्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग कुणीतरी कात्री आणली.