भिंतीपलीकडचा खर्ज

"एकोणीस वर्षं. एकोणीस वर्षं जपल्या होत्या मी त्या तारा."

"जपल्या होत्या की कुजवल्या होत्या? हात लावला तर बोटं काळी झाली माझी. बत्तीस वर्षं नर्स म्हणून वॉर्डात काढली, पण असला मळ कुणा पेशंटच्या अंगावर पाहिला नाही."

"तो मळ नव्हता. तो आवाज होता."

"मग आवाज पुसला मी. ओल्या फडक्याने, दोनदा. आणि नव्या तारा चढवल्या," काकू म्हणाल्या.

काकांनी बेस गिटार मांडीवर ओढली आणि सगळ्यांत जाड तार छेडली. नव्याकोऱ्या तारेचा आवाज स्वयंपाकघरातल्या ताटांपर्यंत लखलखत गेला. काकांनी तोंड असं केलं की जणू कुणी त्यांच्या चहात मीठ घातलंय.

"ऐकलंस? हा बेस आहे? ही शाळा सुटल्याची घंटा आहे."

"वाढदिवसाची भेट आहे ती. लोक अशा वेळी थँक्यू म्हणतात."

"कुठे टाकल्यास जुन्या?"

"कचऱ्यात."

"आणि कचरा?"

"गाडी सातला येते. आता सव्वाआठ झाले."

काका खरोखरच चपला शोधायला लागले.

"कुठे निघालात?"

"गाडी अजून मागच्या गल्लीत असेल."

"ड्रायव्हरला काय सांगणार? माझा आवाज हरवलाय, जरा उकरू द्या?"

काकांना हसू आलं होतं. पण भांडण मिटायच्या आत जो हसेल तो हरला, हा त्या घरातला जुना नियम. त्यांनी हसू गिळलं आणि फोन हातात घेतला. "अकराला रेकॉर्डिंग आहे. येत नाही म्हणून सांगतो."

"सांगा. ती गाणारी मुलगी कॉम्प्युटरमधला बेस लावेल. स्टुडिओ आजच्याच दिवस मिळालाय ना तिला?"

"लावू दे."

"लावू दे तर लावू दे."

फोन मात्र त्यांनी लावला नाही. नुसताच हातात धरून बसले.

काकांना गाण्याच्या धंद्यातले सगळे खर्जकाका म्हणतात. एक्केचाळीस वर्षं ते दुसऱ्यांच्या गाण्यांच्या तळाशी बसून आहेत. गायक पुढे, दिवे गायकावर, टाळ्या गायकाला. काका मागे, ड्रमच्या शेजारी, डोळे अर्धे मिटून. कुणी विचारलं, की तुम्ही नक्की काय वाजवता हो, तर म्हणतात, "मी थांबलो की सांगतो. तेव्हा कळेल."

या वाद्याचा नाद त्यांना लागला तोही मजेशीरच. लहानपणी वरच्या मजल्यावर एकजण रेकॉर्डप्लेअर लावायचा. छतातून खाली चाल यायची नाही, शब्द यायचे नाहीत, यायचा तो फक्त खर्ज. सात-आठ वर्षांचे काका अंथरुणात पडून तेवढंच गाणं समजायचे. पुढे कधीतरी त्यातलं एक गाणं त्यांनी रेडिओवर अख्खं ऐकलं आणि म्हणाले, "यात मध्येच ही बाई का बोलतेय?"

आणि गंमत अशी की काकूंचंही तेच झालं. लग्न करून आल्या तेव्हापासून काका आतल्या खोलीत दार लावून सराव करतात आणि काकू भिंतीच्या अलीकडे, स्वयंपाकघरात. अडतीस वर्षं त्यांनी शेकडो गाणी ऐकली, ती अशी तळाकडून. कुठल्या समारंभात एखादं गाजलेलं गाणं लागलं, सगळे डोलायला लागले, तरी काकू कोऱ्याच. मग बेस सुरू झाला की म्हणायच्या, "अय्या, हे होय. हे तर आपल्या घरचं."

काकांनी त्या भिंतीचा शाळेसारखा उपयोग केला. दर सोमवारी बँकेतल्या दोघीजणी त्यांच्याकडे बेस शिकायला येतात. पहिला महिनाभर त्यांना गिटारला हात लावायची परवानगी नव्हती. काकूंबरोबर स्वयंपाकघरात बसायचं आणि भिंतीतून काय येतं ते ऐकायचं. एकीने वैतागून विचारलं होतं, "काका, आम्ही फी वाजवायची दिलीय की भाजी निवडायची?" काका म्हणाले, "भिंत जे अडवते ती सजावट. भिंतीतून जे येतं ते गाणं. आणि वाजवायचं नंतर. आधी न वाजवायला शिका."

असा हा माणूस. आणि त्याच माणसाने महिन्यापूर्वी जेवताना, पाणी पितापिता सांगून टाकलं होतं, "या मुलीचं सहावं गाणं झालं की गिटार पेटीत. पुरे आता."

काकूंनी त्या रात्रीची भांडी जरा जास्त घासली, एवढंच. ती भिंत मुकी झालेलं घर त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि ते काही त्यांना आवडलं नाही. चार दिवसांनी त्या वाद्यांच्या दुकानात गेल्या. काउंटरवरच्या मुलीला म्हणाल्या, बेसच्या तारा दे. तिने विचारलं, आधीच्या कधी घातल्यात? काकूंनी सांगितल्यावर ती बिचारी स्टुलावर बसली.

"हे बघ," काका आता फोन खाली ठेवत म्हणाले, "तूच चल माझ्याबरोबर. बस तिथे. काय करून ठेवलंयस ते स्वतःच्या कानाने ऐक."

"चला," काकू म्हणाल्या. "साडी बदलते."

काका चमकले. अडतीस वर्षांत त्यांनी कधी बोलावलं नव्हतं आणि काकूंनी कधी विचारलं नव्हतं. आता बोलून बसले होते.

स्टुडिओ म्हणजे एका फर्निचरच्या दुकानाखालचं तळघर. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, जमिनीवर तीन सतरंज्या एकावर एक, कोपऱ्यात बंद ठेवलेला पंखा, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. त्याच्या शेजारच्या फाटक्या सोफ्यावर काकूंना बसवलं.

गाणारी मुलगी सव्वीस-सत्तावीसची. गाणी स्वतः लिहिते, स्वतःच साधी गिटार वाजवत गाते. हल्ली बहुतेक जण आपापल्या घरी बसून आपापला भाग रेकॉर्ड करून पाठवतात. काकांनी पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, "पोस्टाने संसार होत नाही. तू गाशील तेव्हा मला तुझा श्वास दिसला पाहिजे." म्हणून दोघं एकाच खोलीत, समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसत. पाच गाणी तशी झाली होती.

"काका, आवाज वेगळा येतोय आज," रेकॉर्डिस्ट काचेमागून म्हणाला.

"विचार तुझ्या शेजारी बसल्यात त्यांना."

पहिला टेक सुरू झाला. मुलगी गायला लागली आणि सोफ्यावरच्या काकू नकळत ताठ झाल्या. हे गाणं त्या दोन महिने भिंतीतून ऐकत होत्या. एका घराच्या चाव्यांबद्दलचं गाणं आहे, हे त्यांना आज कळत होतं. आजवर त्यांना ते कुणीतरी जिना उतरतंय असं वाटायचं. शब्दांतही जिना होता. काकूंनी पदराचं टोक घट्ट धरलं.

तिसऱ्या ओळीवर कर्कश आवाज आला: चर्र. डाव्या हाताचं बोट नव्या, खरखरीत तारेवरून घसरलं की येतो तसा. काका थांबले.

दुसरा टेक. पुन्हा तिसरी ओळ. पुन्हा चर्र.

"तार नवी आहे ना," काका म्हणाले. "वरचा, पातळ आवाज काप रे सगळा. जाड कर. ऐकूच येऊ देऊ नको."

"करतो. जमेल," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"मी एक बोलू?" सोफ्यावरून आवाज आला. काचेपलीकडे बोलायचं बटण कुठलं ते काकूंनी एव्हाना पाहून ठेवलं होतं.

"नको," काका म्हणाले.

"बोला ना काकू," मुलगी म्हणाली.

"तार नवी आहे म्हणून आवाज येतोय हे खरं. पण बोट घसरतंय म्हणून येतोय, हे जास्त खरं. हे पूर्वी घसरायचे नाहीत. तिथे चार सूर यायचे, चार पायऱ्यांसारखे, सुटे. दीडेक वर्ष झालं, दुसरा आणि तिसरा एकमेकांत कालवल्यासारखे येतात. सगळ्याच गाण्यांत."

मुलीने हळूच विचारलं, "काकू, तुम्ही बेस वाजवता?"

"नाही गं. मी भिंतीपलीकडे राहते."

काका आपल्या डाव्या हाताच्या करंगळीकडे बघत होते. तिचं मधलं पेर सुजलेलं होतं, थोडंसंच. दीड वर्षापूर्वी ती पुरेनाशी झाली तेव्हापासून ते तिसरं बोटच सरकवून वेळ मारून नेत होते. जुन्या तारा बिचाऱ्या गुळगुळीत. सगळं पोटात घालायच्या. कुणाला कळलं नाही. एकोणीस वर्षांचा आवाज, एकोणीस वर्षांचा आवाज, असं जे ते म्हणत होते, त्यातलं शेवटचं दीड वर्ष नुसतं पांघरूण होतं.

"करंगळी दुखते हे मला का नाही सांगितलं?" काकू म्हणाल्या. आता आवाज भांडणाचा नव्हता, वॉर्डातला होता.

"सांगून काय? तू पट्टी बांधली असतीस."

"बांधली असती."

"आणि पट्टी बांधून बेस वाजवतं का कुणी?"

"मग सोमवारी त्या दोघींना काय सांगता? आधी न वाजवायला शिका. ते फक्त बँकेतल्या बायकांसाठी का?"

रेकॉर्डिस्टने तोंडावर हात ठेवला. काकांनी गिटार मांडीवर नीट घेतली. मग मुलीला म्हणाले, "अर्धा तास देशील? तुझं पाणी वगैरे पिऊन घे."

पण मुलगी उठली नाही. काका तिसरी ओळ उलटीपालटी करत बसले, आणि ती समोर बसून तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा हलक्या आवाजात म्हणत राहिली. काकांनी एक पायरी खालून जाऊन बघितली. मग मोकळी तार वापरून बघितली. शाळेत गणित अडलेल्या मुलासारखे ते पुटपुटत होते, "इथून नाही. इथूनही नाही." शेवटी त्यांनी तिसरा सूर काढूनच टाकला. जिथे बोट घसरायचं तिथे काहीच नाही. तीन पायऱ्या आणि त्यांच्यामध्ये एक मोकळी जागा.

"असं चालेल?" त्यांनी विचारलं. एक्केचाळीस वर्षांत त्यांनी सव्वीस वर्षांच्या माणसाला हा प्रश्न विचारला नव्हता.

"थांबा," मुलगी म्हणाली. "ती जागा तशीच ठेवा. मी 'चावी' शब्द तिथपर्यंत ओढते. मला तिथे गर्दी व्हायची काका, पण तुम्हाला कसं सांगणार."

"दोन महिने सांगितलं नाहीस?"

"तुम्ही खर्जकाका आहात."

"त्याचं काय? तोंड आहे ना तुला? गाण्यात मोठं-लहान बघत बसलं की गाणं बिघडतं आणि माणसं तेवढी नम्र राहतात."

पुढच्या टेकला तिसरी ओळ आली. दोन सूर पडले, सुटे, लख्ख. मग मोकळी जागा आली आणि मुलीचा आवाज तिच्यावरून एकटाच शेवटच्या सुरापर्यंत चालत गेला. काका तिच्या ओठांकडे बघत होते, ती त्यांच्या हाताकडे. काकूंना दोन्ही दिसत होतं. गाणं वरून आणि खालून एकदम ऐकायची त्यांची ही पहिलीच वेळ. त्या बटणाला हात न लावता बसून राहिल्या.

"झालं," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "वरचा आवाज कापायचा का?"

काकांनी मान हलवली. "राहू दे. मागच्या पाच गाण्यांशी मेळ बसणार नाही, पण राहू दे. शेवटचं गाणं आहे, जरा उजेड असू दे."

निघताना मुलगी दारापर्यंत आली. "काका, पुढच्या महिन्यात चार कार्यक्रम आहेत. तुम्ही असलात तर—"

"बघू," काका म्हणाले.

दोघं घरी आले. संध्याकाळचा चहा झाला. काकांनी गिटार पेटीतून काढून भिंतीला टेकवली होती आणि करंगळी काकूंच्या हातात होती. त्या कोमट पाण्यात बुडवलेल्या फडक्याने ती शेकत होत्या.

"बरोबर पकडलंस," काका म्हणाले. "दीड वर्ष भिंतीतून ऐकत होतीस आणि एक शब्द नाही."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. मग तुम्ही पेटीची भाषा करायला लागलात."

काकूंनी फडकं बाजूला ठेवलं, उठल्या आणि शिवणाच्या दोऱ्यांचा पत्र्याचा डबा फडताळातून काढून टेबलावर ठेवला. झाकण उघडलं. आत चार जुन्या तारा, एकेक वेटोळं करून, दोऱ्याने बांधून ठेवलेल्या. काळ्या, थंड, गुळगुळीत.

काका बघतच राहिले. "गाडीत गेल्या म्हणालीस."

"पेशंट घरी जाईपर्यंत काढलेलं काही फेकायचं नसतं. सकाळीच दाखवल्या असत्या तर तुम्ही नव्या तारा घेऊन स्टुडिओत गेला असता का?" काकूंनी डबा त्यांच्याकडे सरकवला. "आता दाखवते. बसवून देऊ परत? तुमच्या आहेत. आणि त्या मुलीला काय सांगायचं, तेही आत्ताच सांगा. मला काय ते कळू दे."

काकांनी एक तार उचलली, अंगठ्याने चोळली, आणि पुन्हा डब्यात ठेवली. मग फडताळावर नव्या तारांचं रिकामं पाकीट पडलं होतं ते घेतलं. त्यावरचा तारांचा नंबर चष्मा वर करून वाचला, पाकीट घडी करून शर्टाच्या खिशात घातलं.

"अहो, मी काय विचारतेय?"

वाद्यांचं दुकान आठपर्यंत उघडं असतं, आणि चार कार्यक्रमांना तारांचा एक जादा संच लागतो. काकांनी दारातल्या चपला पायात सरकवल्या आणि जिना उतरायला लागले.