गोधडी कोणत्या रकान्यात

मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या, तेव्हा माझी आई जाऊन महिना झाला होता. शाळेत शिकवण्याच्या सवयीने मी कागदावर दोन रकाने आखले. चादरी, अभ्रे, टॉवेल आणि गणवेश कढत पाण्यात धुवायचे. जे धुता येत नाही, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे ठेवायचे. डोक्यावरून पडलेली ऊ रक्तावाचून दोन दिवसांपलीकडे फारशी जगत नाही, हे मी मुलीला समजावून सांगितले.

मग तिने आजीची गोधडी पुढे केली. आईने ती आपल्या जुन्या साड्यांची शिवली होती आणि आमच्याकडे असताना तीच पांघरत असे. आता गोधडी माझी मुलगी पांघरत असे.

"ही पिशवीत ठेव ना, आई. आजीचा वास जाईल."

"कापड आहे. कापड धुवायचं," मी म्हणाले आणि गोधडी बादलीत बुडवली. पाणी काळपट झाले. ते ओतून मी कागदावर खूण केली.

आमच्या नदीकाठच्या गार्डन रीच वस्तीच्या दमट हवेत ती वाळायला तीन दिवस लागले. दोन आठवड्यांनी पिशव्या सोडल्या, तेव्हा मुलीने त्यातले आपले कापडी अस्वल हुंगले.

"याचा वास तसाच आहे," ती म्हणाली.

गोधडीला नुसता साबणाचा वास येत होता. पिशवीचा उपाय मीच लिहिला होता आणि तो गोधडीलाही पुरला असता. मी रिकाम्या पिशव्यांच्या घड्या घालून त्या खणात ठेवल्या.