मामांची बदलापूरची धाव

माझ्या मामेसासऱ्यांइतका पळालेला माणूस उभ्या कल्याणात झाला नाही, आणि त्यांच्याइतका कण्हलेला तर नाहीच नाही. मिठाच्या कचेरीत कारकुनी करता करता पन्नाशी गाठलेली, देह काडीसारखा, आणि दर रविवारी उजाडायच्या आत धोतराचा काचा मारून स्वारी बदलापूरच्या वाटेनं पळत सुटायची. जाऊन येऊन दहा कोस! कुणी विचारलंच, तर म्हणायचे, "अंबरनाथला शिवरात्रीच्या जत्रेत शर्यत जिंकायची आहे. तालीम नको?" शिवरात्र दरसाल यायची, आणि उपासानं गळून गेलो म्हणून मामा त्या दिवशी घरीच निजून राहायचे.

उरलेला आठवडा दुखण्यांच्या सरबराईत जाई. दुखण्यांना त्यांनी नाती लावून टाकली होती. उजवा गुडघा जावई, मान द्यावा तेवढा फुगतो. डावी पोटरी विहीणबाई, कारण नसताना रुसून बसते. एकदा मी गेलो, तर मामा गुडघ्याला निर्गुडीचा पाला बांधून तापल्या विटेचा शेक घेत बसलेले. म्हणाले, "बसा जावईबापू. आधी या जावयाची समजूत काढतो, मग तुमच्याकडे वळतो." मामी आतून म्हणाल्या, "तिळाचं तेल सगळं यांच्या पायांत मुरतं, देवापुढच्या दिव्याला थेंब उरत नाही!" पळताना पाय कुरकुरू लागले, की मामा त्यांना भर रस्त्यात दम देत, "चिंच दिसेपर्यंत कुणी बोलायचं नाही!"

ही चिंच बदलापूरच्या वेशीवर, नदीच्या उताराशी होती. मामांची एकुलती एक गोदू बदलापुरात दिलेली. मुलीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ नये, ही आपली रीत. गोदूला लग्नाला कितीक वर्षं होऊनही मूल नव्हतं, आणि सासरचे तिला माहेरी धाडीत नसत. ती सकाळी नदीवर पाणी भरायला यायची. मामा चिंचेआडून तिला डोळे भरून पाहायचे आणि मागे फिरायचे. सगळ्या कल्याणाला हे ठाऊक होतं. तालमीच्या थापेवर विश्वास एकट्या मामांचाच.

मी एकदा म्हटलं, "मामा, आगगाडी जाते की. सरळ तिच्या घरी जा, पाणी तेवढं पिऊ नका."

"दारात गेलो की ती गूळपाणी पुढे करणार. तिच्या तोंडावर नको म्हणू?" मामा म्हणाले. "आगगाडीनं आलेला बाप पाहुणा होतो, जावईबापू. पळत आलेला नुसता वाटसरू. त्यापेक्षा पोटऱ्या दुखलेल्या पुरवल्या."

एका चैत्रातल्या रविवारी त्यांनी मलाही ओढून नेलं. चिंच दिसली आणि नेमका गुडघा फिरला. मामा धापकन खाली बसले. ऊन चढलेलं, ओठ कोरडे पडलेले. चिंचेच्या बुंध्याशी पाण्यानं भरलेला तांब्या होता, वर फुलपात्र झाकलेलं. मी तो उचलणार, तोच मामांनी हात आडवा केला. "तो नको. दर रविवारी असतो तिथे. गोदूच्या घरचा आहे."

तेवढ्यात घागर तिथेच टाकून गोदू धावत वर आली. बापासमोर बसून म्हणाली, "बाबा, पाणी नदीचं आहे. घरचा नुसता तांब्या. तुम्ही तहानलेले परत जाता, मला दिवसभर घास उतरत नाही हो."

मामांनी दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला. मला रडू आवरेना.

परतताना बैलगाडीत त्यांनी गुडघ्याचं नावही काढलं नाही. कल्याण जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "साधंच पाणी होतं हो. मी उगाच इतकी वर्षं..."

त्यानंतर मामा पळाले नाहीत. दर रविवारी आगगाडीनं जात, गोदूच्या ओटीवर बसून गूळपाणी घेत. सासरच्यांनी आधी नाकं मुरडली, मग त्यांनाही सवय झाली. पण हे सुख मामांना जेमतेम दोन पावसाळे लाभलं. आजही मी बदलापूरला गेलो की गोदू आधी पाण्याचा तांब्या पुढे करते. तो हातात घेताना माझ्या जिवाला एकच गोष्ट लागून राहते. आगगाडी काही तेव्हा नव्यानं सुरू झाली नव्हती. त्याआधीही ती रोज जातच होती.