कडुनिंबातली दीर्घिका

पुणे स्टेशनवर गाडीत चढले तेव्हा माझ्याकडे तीन डाग होते. एक कपड्यांची पिशवी, एक चार फूट लांबीची जाड पुठ्ठ्याची नळी, आणि जुन्या सुती साडीत गुंडाळलेला आठ इंची आरसा. हा आरसा मी स्वतः घासला आहे. निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी भजनी मंडळात गेल्या आणि मी काच घासायला बसले. घरच्यांनी दोन्हींकडे सारख्याच कौतुकाने दुर्लक्ष केलं. आरसा रात्रभर मांडीवर होता. नळी मात्र बर्थखाली मावेना, म्हणून ती वाटेत आडवी पडली आणि येणारा-जाणारा तिला अडखळत राहिला.

"बोअरचा पाइप हाय का, ताई?" समोरच्या खामगावच्या गृहस्थांनी विचारलं.

"दुर्बीण आहे. तारे पाहायला चाललेय."

"मंग शेगावले काऊन? पुण्यात तारे नाहीत?"

"नाहीत," मी म्हटलं. ते हसले. त्यांना मी थट्टा करतेय असं वाटलं.

थट्टा नव्हती, आणि प्रवासही हौसेचा नव्हता. शुभांगी नावाची एक मुलगी पुण्यात शिकत असताना आमच्या वरच्या खोलीत दोन वर्षं राहिली. तिने मला गणित शिकवलं, मी तिला आरसा घासायला शिकवलं. त्या वेळी ती बंगळूरला संशोधन करत होती. विषय बटू दीर्घिका. आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची मोठी वस्ती. अशा वस्तीला दीर्घिका म्हणतात. त्यातल्या ज्या अगदी लहान, वाडीएवढ्या, त्या बटू दीर्घिका. आणि त्या एवढ्याशा वाडीतही काही जागा अशा असतात, जिथे वायूचे ढग गोळा होतात आणि नवे तारे जन्मतात. शुभांगी सहा वर्षं त्या जागांच्या मागे आहे. आता चिली देशातल्या एका वेधशाळेत तीन वर्षांचं काम तिला चालून आलं होतं. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता. वडील तयार होते. आई म्हणाली होती, "तू काय पाहते ते एकदा मले दाखव. मंग सांगतो." (इकडे बायकाही 'सांगतो', 'जातो' म्हणतात.) फोटो पाठवले, तर म्हणाली, फोटोत काय, सिनेमातही काहीही दाखवतात.

शुभांगीला प्रबंधाच्या गडबडीत गावी येता येईना. तिने मला फोन केला. "मावशी, तुम्ही दाखवाल? आई नाही म्हणाली तर मी जाणार नाही. तिला न पटता जायचं म्हणजे पळून गेल्यासारखं होईल." मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र विचार करू लागले: ती जिचा अभ्यास करते ती धनू राशीतली बटू दीर्घिका माझ्या दुर्बिणीतून दिसते ती कशी? काळ्या पाटीवरचा खडू नीट पुसला नाही तर मागे राहतो, तेवढीच. अशा गोष्टीवर एका मुलीची तीन वर्षं ठरणार होती.

सकाळी शेगावला उतरले. स्टेशनवरची गरम कचोरी खाल्ली, एकीने भागलं नाही म्हणून दुसरी खाल्ली, आणि वरवट बकालची एस.टी. पकडली. नळी उभी धरून बसावं लागलं. पूर्णेचा पूल ओलांडला की मुलूख सपाट होत जातो. काळी जमीन, कपाशीची नुकती फुटू लागलेली बोंडं, सोयाबीनच्या सुड्या (कापलेल्या पिकाचे ढीग), आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. हा खारपाणपट्टा. इथल्या विहिरींचं पाणी खारट, त्यामुळे वाटेत घेतलेल्या चहात साखर आणि मीठ दोन्ही होतं. आभाळात मात्र ढग होते, आणि मी खिडकीतून सारखी तेच पाहत होते.

स्टँडवर शुभांगीचे वडील गजाननराव मोटारसायकल घेऊन आले होते. या भागात 'गजानन' अशी हाक मारली तर स्टँडवरचे तिघं तरी वळतील, म्हणून त्यांनी आधीच फोनवर सांगितलं होतं की आपला शर्ट पिवळा असेल. मोठे अगत्यशील गृहस्थ. नळी त्यांनी खांद्यावर घेतली आणि भेटणाऱ्या प्रत्येकाला "मॅडम पुण्याहून आल्या, दुर्बीण हाय" असं सांगत घरी नेलं.

घरात सुमनताई, शुभांगीची आई, कढीला फोडणी देत होत्या. सडपातळ, ताठ बाई. चार एकरांत भाजीपाला, बाकीत कपाशी, आणि दोन्हींचा हिशेब तोंडपाठ. त्या दिवशी सर्वपित्री अमावस्या होती. वडे, खीर, कढी आणि सतरा भाज्या एकत्र केलेली एक भाजी असं जेवण झालं. मी पानावर बसून आग्रहाला तोंड देत असताना त्या एकदम म्हणाल्या, "ताई, एक सांगा. पोरगी दोन दिवाया घरी नाई आली. असं काय हाय तथी, जे अथी नाई?" (तथी म्हणजे तिथे, अथी म्हणजे इथे; आणि इकडे 'ळ'चा 'य' होतो, म्हणून दिवाळ्यांच्या दिवाया.) आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी आणखी एक वडा घेतला.

संध्याकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेतावर निघालो, कारण गावात चौकातल्या उंच दिव्याखाली चंद्रसुद्धा फिका पडला असता. शेजारचे उत्तमराव "अवसेच्या दिशी शेतात काऊन जाता?" म्हणून कुरकुरले आणि सगळ्यात आधी ट्रॉलीत चढून बसले. त्यांच्या मागे आणखी दहाबारा माणसं चढली. शेतावर पोचल्यावर कळलं की आरसा बसवायचे तीन नट मी पुण्यातच विसरले आहे. आरसा मांडीवर जपला आणि नट टेबलावर! गजाननरावांनी फवारणीच्या पंपाचे नट काढून दिले आणि ते नेमके बसले. तोवर ढगही सातपुड्याकडे सरकले. साडेसातला दक्षिणेचं आभाळ असं उघडलं की मी काही वेळ दुर्बिणीला हातच लावला नाही. आकाशगंगेचा पट्टा थेट कपाशीत उतरला होता.

पाण्याच्या मोटारीच्या खोलीचा दिवा बंद करवला. दीर्घिका शोधली, दुर्बिणीत आणली आणि सगळ्यांना सांगितलं, "अगदी अंधुक आहे. थेट रोखून पाहू नका, डोळ्याच्या कडेनं पाहा." उत्तमराव पुढे झाले, नळीवर हात टेकून वाकले. "दिसली! लय भारी!" मग त्यांची बायको, मग बाकीचे, एकेक करून. दिसली, दिसली. गजाननराव म्हणाले, "मस्त हाय. लय मोठी हाय."

मोठी? माझ्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात सुमनताई वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"ताई, मले तं काई दिसून नाई राह्यलं."

गजाननराव हळूच म्हणाले, "अवं, पाहुण्या एवढ्या दुरून आल्या..."

"पाहुण्या आल्या म्हणून न दिसणारं दिसन का?"

मी डोळा लावून पाहिलं. काळंकुट्ट. मग त्या काळ्यात काहीतरी हललं. पान होतं. उत्तमरावांच्या हाताच्या भाराने नळी खाली घसरली होती, आणि मंडळी मघापासून धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) कडुनिंबात दीर्घिका पाहत होती. हे मी सांगितल्यावर उत्तमरावांची बायको अशी हसली की शेजारच्या शेतातली कुत्री भुंकायला लागली. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे माझं मन मोडू नये म्हणून अख्ख्या गावाने खोटं बोलायची तयारी ठेवली होती, आणि एवढ्या माणसांत एकट्या सुमनताईंनी माझ्यावर उपकार केले होते.

पुन्हा दीर्घिका आणली. त्यांनी पाहिलं. नाही. डोळा बदलला. नाही. डोळ्याच्या मधल्या भागाला अंधुक उजेड कळत नाही, कडेच्या भागाला कळतो वगैरे सगळं मी पुस्तकी भाषेत सांगून टाकलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "थांबा. जागलीवर पाहतेत तसं पाहू का?"

जागल म्हणजे रात्री पिकाची राखण. रोही (नीलगायी) आणि रानडुकरं पीक उद्ध्वस्त करतात, म्हणून हिवाळाभर कोणीतरी मचाणावर बसतं. गजाननरावांचा पाय मोडला तेव्हा दोन हिवाळे सुमनताई जाऊबरोबर जागलीला बसल्या होत्या. "अंधारात रोही उभा असला तं त्याच्याकडं नाई पाह्याचं. बाजूच्या धुऱ्याकडं पाह्याचं अन् ध्यान त्याच्याकडं ठेवायचं. मंग तो दिसते."

"मी तेच तर मघापासून सांगतेय!"

"तुमी डोया कुठी न्यायचा ते सांगतलं. ध्यान कुठी ठेवायचं ते नाई सांगतलं."

नोकरीत होते तेव्हापासून, वीस वर्षं मी लोकांना आकाश दाखवते आहे. हे वाक्य मला आजवर सुचलं नव्हतं.

त्या वाकल्या. अंगावरचा पदर दोन्ही हातांनी डोक्यावरून पुढे घेऊन त्यांनी बाजूचा उरलासुरला उजेड अडवला. काही वेळाने त्यांचा श्वास बदलला.

"हाय. धूर हाय थोडासा. आला... गेला. आला."

अंधुक वस्तू खरोखर दिसते तेव्हा ती अशीच येते-जाते. तरी माझी खात्री व्हायची होती. मी जास्त मोठं करून दाखवणारं भिंग लावलं, त्यावर वायूचा उजेड तेवढा आत सोडणारी काच बसवली, आणि मुद्दाम काहीच बोलले नाही.

"काठाले दोन ठिपके हायत," त्या म्हणाल्या. "बारीक. एक जरा जास्त ठसठशीत."

त्या दोन ठिपक्यांबद्दल मी इथे कोणालाही अवाक्षर सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि अंधार असल्यामुळे मी ते पुसलेही नाहीत. "सुमनताई, याच त्या जागा. तारे जन्मतात त्या. शुभांगी हेच पाहते."

मग त्यांनी मला प्रश्नांनी भंडावलं. हा उजेड कधीचा? सोळा लाख वर्षांपूर्वी निघालेला. मग तिथे आता काय असेल? सांगता येत नाही. मोठे तारे विझलेही असतील, दुसरे जन्मले असतील. पोरगी एवढ्या लहान गोष्टीच्याच मागे का, मोठी दीर्घिका काय वाईट? मोठ्या दीर्घिकांतल्या वायूत जुन्या ताऱ्यांची राख मिसळून मिसळून तो पार बदललेला असतो, मी म्हटलं. लहानांमधला अजून बराचसा मूळचा आहे. विश्वाच्या सुरुवातीला तारे कसे जन्मले असतील, ते तिथे कळतं.

"म्हंजे गावरान वाण," त्या म्हणाल्या. त्या स्वतः वांग्याचं गावरान बी राखून ठेवतात. "बराबर हाय. मूय पाह्याचं तं गावरानातच पाहा लागते."

नंतर त्यांनी नवऱ्याला दुर्बिणीपाशी उभं केलं, "जागलीवर कसा पाहत होता? तसं पाह्य" म्हणून त्यांची मान धरून ठेवली. गजाननरावांनी आधी एक डोळा लावला, मग दुसरा. मग म्हणाले, "आता खरंच दिसली. लहानशीच हाय."

पण निर्णयाचं सुमनताई काही बोलल्या नाहीत. घरी आलो, निजलो, सकाळी उठलो, त्यांनी कळण्याची भाकर (उडीद-ज्वारीची) आणि ठेचा बांधून दिला, तरी नाही. शुभांगीचे मला चार निरोप येऊन गेले होते: "आई काय म्हणाली?" मी उत्तरात काय लिहिणार?

स्टँडवर एस.टी. लागली. मी नळी घेऊन चढणार, तेवढ्यात त्यांनी फोन काढला आणि बसच्या दारातच, कंडक्टर खोळंबलेला असताना, मुलीला लावला.

"शुभे, पाह्यलं म्या. पहिल्यानं नाई दिसलं, मंग दिसलं. दोन ठिपके." कंडक्टरला त्यांनी हातानेच थांबवलं. "मले वाटलं होतं, लय मोठं काई असन, ज्याच्यापायी माही पोरगी सणालेबी घरी येत नाई. तं ते एवढुसं निंघालं. एवढ्याशासाठी जे लेकरू सहा वर्षं जागते, त्याले घरी बसवून मी काय करू? जाय."

पलीकडून रडणं ऐकू आलं. "रडू नको. मॅडमची गाडी निंघून राह्यली," असं म्हणून त्यांनी फोन बंद केला आणि मला आत ढकललं.

परत आल्यावर माझी निरीक्षणांची वही काढली. या दीर्घिकेपुढे गेल्या काही वर्षांत तीनदा 'दिसली' असं लिहिलेलं आहे, तिन्ही वेळा आमच्याच गच्चीवरून. खरं सांगायचं तर दिसली नव्हती; दिसायला हवी होती म्हणून लिहिलं होतं. मीही माझ्या कडुनिंबातच पाहत होते. ते तिन्ही शब्द मी खोडले. माणसं खोटं नेहमी वाईटापायी बोलतात असं नाही, पुष्कळदा भिडेपायी, प्रेमापायी बोलतात. पण एखादी गोष्ट खरोखर पाहायची असेल, तर आधी कोणीतरी "नाही दिसली" म्हणावं लागतं.

शुभांगी चिलीला जाऊन आता काही महिने झाले. परवा तिचा फोन आला होता. आई दर रविवारी फोन करते म्हणाली. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, जेवली का? तो आता दुसरा झाला आहे. पहिला असतो, "तुह्याकडं आभाय साफ हाय ना?"