मठाच्या मोरीचा उतार

पाटबंधारे खात्यात मी जन्मभर पाण्याचा उतार मोजला. निवृत्त झाल्यावर धुळ्याच्या घरात बसून बायकोच्या फोडणीत चुका काढायला लागलो, तेव्हा मला घराबाहेर धाडायचं तिनेच मनावर घेतलं. योगायोगाने सावद्याच्या बाजूला पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर एका जुन्या मठाचं उत्खनन सुरू झालं होतं आणि त्यांना मापं घेऊन नकाशे काढणारा माणूस हवा होता. मी लगेच हो म्हणालो. आमच्या घरात अहिराणी चालते. पिशवी भरता भरता बायको म्हणाली, "बठ्ठा जनम पाट मोजा, आते बाबास्नी मोरी मोजा." सगळा जन्म पाट मोजले, आता बुवांची मोरी मोजा, असं ती चेष्टेने म्हणाली होती, पण झालं अगदी तसंच.

मठ यादवांच्या काळातला असावा, असं सर म्हणायचे. सर म्हणजे उत्खननाचे प्रमुख. वयाने माझ्या मुलाएवढे, पण माणूस शांत आणि अभ्यासू. टेकाडावर पाहण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. वरचे दगड गावाने कधीच नेऊन गोठ्यांना लावले होते. जमिनीखाली मात्र खोल्यांचे पाये, मधलं अंगण आणि एका कोपऱ्यात अंघोळीची जागा निघाली. तिथून सुटली होती ती मोरी. घडीव दगडांची, वर फरश्या टाकलेली, आत हात सहज फिरेल एवढी रुंद. मूर्ती निघेल या आशेने रोज डोकावणारी गावची मंडळी मोरी पाहून हिरमुसली. मी मात्र खूश झालो. राजा शिलालेखात काहीही लिहून ठेवो, अंघोळीचं पाणी बाहेर काढायचं तर उतार द्यावाच लागतो. मोरी खोटं बोलत नाही, असं मी सरांना ऐकवलंसुद्धा. खोटं बोलणारा दुसराच कोणी निघेल, हे तेव्हा मला कुठे माहीत होतं!

प्रश्न एकच होता. पाणी कुठे जात होतं? मोरीचे दोन तुकडे आम्ही उघडले होते, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. मधे न खोदता सोडलेली मातीची जाड भिंत होती. पश्चिमेला टेकाडाखाली नाला वाहतो. पूर्वेला टेकाडाला लागूनच अक्कांची केळीची बाग.

अक्का म्हणजे आमच्याच कामावरच्या बाई. वय साठीच्या आसपास, एकट्याच, बांध्याने काटक. बागेचं पाणी ठिबकवर सोडून त्या सकाळी आठला टेकाडावर हजर व्हायच्या. घमेली उचलायला आलेल्या बाईला मी माझी पट्टी धरायला दिली, कारण त्यांचा हात हलायचा नाही. ही पट्टी म्हणजे उंच, आकडे लिहिलेली फळी. मी लेव्हल नावाच्या यंत्राच्या दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा.

हे सगळं एका दगडावर उभं असतं. सुरुवातीलाच मी वाटेच्या कडेला एक चपटा दगड पक्का बसवला, त्याची उंची ठरवली आणि ओळखू यावा म्हणून त्यावर तांबड्या रंगाचा ठिपका दिला. रोज सकाळी पहिली पट्टी त्या दगडावर, संध्याकाळी शेवटचीही त्याच्यावरच. बाकीच्या सगळ्या उंच्या त्या दगडावरून निघतात. खात्यात मी नव्या पोरांना सांगायचो, बाप बदलला तरी चालेल, खुणेचा दगड बदलू नका.

पश्चिमेचा तुकडा मोजून झाला. महाशिवरात्रीला सुट्टी होती, म्हणून दोन दिवस धुळ्याला जाऊन आलो. परत येऊन पूर्वेचा तुकडा मोजला आणि वहीतले आकडे पाहून चाट पडलो. पूर्वेची मोरी पश्चिमेच्या मोरीपेक्षा चांगली वीतभर खाली होती. म्हणजे पाणी नाल्याकडे नव्हे, तर उलट अक्कांच्या बागेकडे जात असणार! आणि मधल्या मातीच्या भिंतीखाली, कोणालाच दिसत नाही अशा जागी, मोरीत एक पायरी असणार. मी ती पायरी नकाशात तुटक रेघेने मोठ्या हौसेने काढली. सर म्हणाले, अशी रचना या भागात पाहिली नाही. त्यांनी तिच्यावर लेख लिहायचं ठरवलं आणि मी आठ दिवस टेकाडावर छाती काढून हिंडलो.

आता एक गोष्ट कबूल करतो. पूर्वेच्या तुकड्यातला तळ स्वतंत्रपणे पाहिला तर त्याचा कल बोटभर पश्चिमेकडेच होता. ते मला दिसलं होतं. पण एवढ्या वर्षांत दगड खालीवर बसले असतील, असं म्हणून मी ते सोडून दिलं. आवडती गोष्ट सापडली की नावडता आकडा डोळ्यांआड करायची सवय फक्त पुढाऱ्यांनाच असते असं नाही.

पाणी बागेकडे गेलं म्हणजे तिकडे टाकं किंवा कुंड असणार, म्हणून सरांनी खड्डा बागेत वाढवायचं ठरवलं. केळीच्या दोन ओळी कापाव्या लागणार होत्या. बाग निसवलेली होती, प्रत्येक झाडाला घड लोंबत होता आणि कापणीला अजून दोन महिने होते. भरपाई मिळणार होती, पण वर्षभर लेकरासारखी जपलेली झाडं ऐन भरात तोडायची म्हणजे काय, ते केळी लावणारालाच कळतं. संमतीच्या कागदावर सही करताना अक्का सरांकडे बघतच नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"तुमी मोजलं ना भाऊ? मंग बराबरच असन."

एवढं बोलून त्यांनी सही केली. मला त्या वेळी अभिमान वाटला. आज ते वाक्य आठवलं की लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः बागेत फक्कीच्या दोन पांढऱ्या रेघा मारल्या. दोघे गडी कोयते घेऊन बांधावर बसले. सर आले. तेवढ्यात अक्का हातात नारळ घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"भाऊ, आंधी देवाले नारय फोडा. भरल्या झाडाले कोयता लावाचा हाये, माफी मागा लागते. तुमी वयानं मोठे, तुमीच फोडा."

मी देवभोळा नाही, पण नारळाला नाही कसं म्हणणार? त्यांच्या मागे गेलो. वाटेलगतच्या कडुलिंबाखाली एक जुना, बुटका ओटा आहे, तिथे त्या थांबल्या. ओट्यावर झेंडूची फुलं होती, उदबत्तीची राख होती आणि मधोमध तांबड्या ठिपक्याचा एक चपटा दगड होता. नारळ आपटायला मी खाली वाकलो आणि तसाच राहिलो. तो माझा दगड होता.

"हा इथं कधी आला?" मी विचारलं.

"शिवरातीले. तुमी धुयाले गेल्ते ना, तवा. वाटंत पडला होता बिचारा. बाया घमेले घेऊन येता-जाता त्याले पाय लावत. देवाले पायाखाली कसं ठेवाचं? म्या उचलला अन् वट्यावर मांडला."

"अहो अक्का, देव कसला? खुणेचा दगड आहे तो!"

"मंग तुमी रोज कामाच्या आंधी त्याले पट्टी काहाले टेकवता? जातानी बी टेकवता. अन् शेंदूर तं तुमीच लावला."

मला ओरडायचं होतं, पण ओरडणार कोणावर? दगडाला तांबडं फासलं की आपल्याकडे त्याचं काय होतं, हे मला माहीत नव्हतं का? रोज सकाळ-संध्याकाळ मी अक्कांकडून त्याची पूजाच करवून घेत होतो. दुर्बिणीतून मला पट्टीवरचे आकडे दिसत होते. पट्टीखालचा दगड कुठे आहे, ते मान वर करून एकदाही पाहिलं नव्हतं.

दगडाच्या जुन्या खड्ड्यापासून ओट्यापर्यंतची उंची मोजली. वीतभर आणि वर दोन बोटं. दगड तेवढा वर गेला होता आणि मी त्याला जुन्याच उंचीवर धरून चाललो होतो, त्यामुळे शिवरात्रीनंतर मोजलेली प्रत्येक जागा वहीत तेवढीच खाली गेली होती. ती चूक काढली आणि पायरी नाहीशी झाली. मोरी सरळ, हलक्या उताराने पश्चिमेला नाल्याकडे निघाली. बागेत खोदायचं काही कारणच उरलं नाही.

"बठ्ठं चुकी गयं," मी स्वतःशीच म्हणालो. खरं सांगतो, एक क्षणभर गप्प बसावं असंही वाटलं. या वयात शोभा कोण करून घेईल? पण बांधावरचा एक गडी कोयत्याची धार अंगठ्याने बघत होता. ते पाहिलं आणि मी सरांना गाठून सगळं सांगितलं.

सरांनी नकाशा उलगडून त्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. त्यांचा लेख त्या पायरीवर उभा होता. मग म्हणाले, "काका, आकड्यांवर आता मी तरी कसा विश्वास ठेवू? पाणी ओतून बघू."

पूर्वेचा तुकडा झाडून, पुसून स्वच्छ केला. अक्कांनी बागेतल्या नळीवरून कळशी भरून आणली. त्या तुकड्याच्या मध्यावर त्यांनीच पाणी ओतलं, अगदी हळू, तुळशीला घालतात तसं. पाणी आधी जागीच पसरलं. मग त्याची एक कड पुढे सरकली, दगडाच्या सांध्यापाशी थबकली आणि पश्चिमेकडे निघाली. बागेकडे पाठ करून ते थेट मातीच्या भिंतीखाली शिरलं.

"तिकडं गेलं," अक्का म्हणाल्या. आणि मोठ्याने, "भाऊ, तिकडं गेलं!"

मी खड्ड्याच्या काठावर बसलो. इतकं हलकं मला नोकरी संपली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. सर हसत होते. म्हणाले, "बरं झालं, लेख छापून यायच्या आधी कळलं." गड्यांनी कोयते खोळीत घातले आणि चहाला निघाले.

फक्त अक्का हसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "म्हंजे भाऊ, म्या देव उचलला म्हनून माहीच बाग कापाले निघाली होती?"

"नाही अक्का. दगडाला रंग मी लावला आणि त्याच्याकडे बघितलंही मी नाही. तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवून सही केलीत. मी चुकलो."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग फोडायचा राहिलेला नारळ पुन्हा माझ्या हातात दिला. "फोडा आता. आता माफीचा नाई."

दगड परत वाटेत ठेवा असं म्हणायची माझी छाती झाली नाही. ओट्यावरच्या जागेची उंची नव्याने काढून वहीत लिहिली आणि दगड तिथेच सिमेंटमध्ये पक्का केला. पुढे मधली भिंत काढली, तेव्हा मोरी खरंच सरळ निघाली. आता काम सुरू करायच्या आधी मी स्वतः ओट्यापाशी जातो, वाकतो आणि दगड हलला तर नाही ना, म्हणून दोन्ही हातांनी चाचपून बघतो. भाऊ आधी नास्तिक होते, आता देवाले लागले, असं अक्का बायांना सांगतात.

दोन महिन्यांनी बागेची कापणी झाली, तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. त्या दोन ओळींच्या बुंध्यांशी माझ्या फक्कीचे पांढरे डाग अजून होते आणि वर घड भरून लोंबत होते. अक्कांनी कोयता माझ्या हातात दिला आणि ट्रकवाल्यांना सांगितलं, "केयीच्या ह्या दोन ओयी भाऊनं वाचवल्या."

"अक्का, मीच तर कापायला निघालो होतो," मी म्हणालो.

"मले माहीत हाये," त्या म्हणाल्या. "मारा कोयता."